तिथीच्या बाजूने

सण सोयीच्या वारी साजरे करावेत, असं माझं बरीच वर्षं ठाम मत होतं. ते मी मनात ठेवलं नव्हतं. कारखान्याच्या कमिटीत, आमच्या भागातल्या मराठी मंडळात, घरी जेवताना, जिथे विषय निघेल तिथे मी ते मांडत आले आणि बऱ्याच जणांना पटवलंही. आता ते माझं मत राहिलेलं नाही. ज्या चीनचा दाखला देऊन मी ते मांडायचे, त्याच चीनच्या सणांनी ते बदललं.

मी मूळची सोलापूरची. लग्नानंतर बंगळूरला आले आणि इथेच नोकरीत रुळले. पीण्याच्या औद्योगिक वसाहतीत एका मध्यम आकाराच्या इलेक्ट्रॉनिक्स कारखान्यात प्लॅनिंग आणि खरेदी माझ्याकडे आहे. मीटर आणि चार्जरचे बोर्ड आम्ही जुळवतो. कोऱ्या पीसीबी, कनेक्टर, ट्रान्सफॉर्मर, असा बराच माल शेन्झेन आणि डोंगगुआनहून येतो. त्यामुळे या धंद्यातल्या माणसाला आपल्या कॅलेंडरबरोबर चिनी कॅलेंडरही पाठ असतं. ‘सीएनवायच्या आधी माल निघाला पाहिजे’ हे वाक्य आमच्याकडे नोव्हेंबरपासूनच ऐकू यायला लागतं. सीएनवाय म्हणजे चिनी नववर्ष, त्यांचा वसंतोत्सव. कागदावर त्याची सुट्टी आठवडाभराची. प्रत्यक्षात कामगार दहापंधरा दिवस आधीच गावाकडे निघायला लागतात आणि पहिल्या महिन्याच्या पौर्णिमेला कंदिलांचा सण झाला की हळूहळू परततात. काही परततच नाहीत, दुसरीकडे नोकरी धरतात. जवळजवळ महिनाभर तिकडची लाइन अर्धीमुर्धी चालते, सुरुवातीच्या लॉटमध्ये रिजेक्शन वाढतं आणि इकडे एस. पी. रोडवरच्या दुकानांत साध्या कपॅसिटरचाही भाव चढतो.

तरीही मी चीनचं कौतुकच करायचे, ते त्यांच्या सुट्ट्यांच्या यादीमुळे. तिथली राज्य परिषद वर्ष संपायच्या आत पुढच्या वर्षाची यादी जाहीर करते. हक्काच्या सुट्टीला मागचेपुढचे शनिवार-रविवार जोडून सलग सात-आठ दिवस मोकळे करायचे आणि त्या बदल्यात एखादा शनिवार किंवा रविवार कामाचा धरायचा, अशी ती पद्धत. २०२५ साली १ ते ८ ऑक्टोबर सुट्टी होती, तर २८ सप्टेंबरचा रविवार आणि ११ ऑक्टोबरचा शनिवार कामाचा होता. सगळा देश एकदम बंद, एकदम सुरू. प्लॅनिंग करणाऱ्या माणसाला याहून काय हवं?

आपल्याकडचा अनुभव याच्या उलट. कर्नाटकात कारखान्यांच्या सुट्ट्यांसाठी १९६३चा कायदा आहे. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर आणि १ नोव्हेंबरचा राज्योत्सव या ठरलेल्या, आणि त्यांच्याशिवाय सणांच्या किमान पाच. त्या पाच कोणत्या, यावर आमच्या कमिटीत दर डिसेंबरला खल होतो. उगादी, रमजान, गणपती, आयुधपूजा, दिवाळी, नाताळ हे सगळं त्या पाचात बसवायचं असतं. सण बुधवारी आला की मी म्हणायचे, सोमवारी देऊ या. मधल्याच वारी कारखाना बंद ठेवायचा म्हणजे रिफ्लो ओव्हन थंड करून पुन्हा तापवायचा, आदल्या दिवशी निम्मे गैरहजर, दुसऱ्या दिवशी उरलेले गैरहजर. लाइनवरचे बरेचसे लोक कलबुर्गी, विजयपुरा, रायचूरकडचे. त्यांना सलग तीन दिवस मिळाले तर ते गावी जाऊन येतील, असा माझा युक्तिवाद होता, आणि तो मी त्यांच्या भल्यासाठीच करत होते. एका जुन्या सुपरवायझरचं उत्तर तेव्हा मला कळलं नव्हतं. ते म्हणाले होते, ‘‘मॅडम, सोमवारी गावात कोण असणार?’’

२०१९च्या जानेवारीत आमच्याकडे नवीन पिक अँड प्लेस मशीन आलं आणि ते बसवून द्यायला पुरवठादाराचे तीन इंजिनिअर चीनहून आले. काम लांबलं. त्या वर्षी त्यांचं नववर्ष ५ फेब्रुवारीला होतं, म्हणजे वर्षाची शेवटची रात्र सोमवारी, ४ तारखेला. आपल्याकडे त्या दिवशी सोमवती अमावास्या होती. तिघांत जे वयाने मोठे होते, पन्नाशीकडे झुकलेले, ते हेबेई प्रांतातले. त्यांना त्यांच्या कंपनीने सांगितलं होतं की आत्ता थांबा, मार्चमध्ये पूर्ण सुट्टी आणि विमानाचं तिकीट देऊ. व्यवहार मला अगदी रास्त वाटला. मी असते तर मीही हेच ठरवलं असतं.

त्या सोमवारी सकाळी ते माझ्याकडे आले आणि संध्याकाळी पाचला निघू का, असं विचारलं. त्यांच्या टीव्हीवर १९८३पासून दर वर्षी या रात्री एक मोठा कार्यक्रम लागतो, बीजिंगच्या आठ वाजता, म्हणजे आपल्या साडेपाचला. देशभर घराघरांत तो चालू असतो आणि त्याच्या समोर बसून रात्रीचं जेवण होतं. मला आणि माझ्या नवऱ्यालाही त्यांनी बोलावलं.

जलहळ्ळीत त्यांना फ्लॅट घेऊन दिला होता. समोरच्या दारावर आंब्याच्या पानांचं तोरण आणि खाली रांगोळी, यांच्या दारावर दोन्ही बाजूंना लाल कागदाच्या उभ्या पट्ट्या, मैद्याच्या खळीने चिकटवलेल्या. आत ओट्यावर ज्याओझी करणं चाललं होतं. मैद्याच्या कणकेचा लांब वळा करून त्याचे तुकडे पाडायचे, एका हाताने पारी फिरवत दुसऱ्या हाताने छोटं लाटणं फक्त कडेपर्यंत आणायचं, म्हणजे पारी मधे जाड राहते आणि कडेला पातळ होते. माझी आई मोदकाची पारी हाताने अशीच करते, मधला भाग सारण पेलेल इतका जाड ठेवून. सारण कोबीचं, पातीच्या कांद्याचं आणि खिम्याचं. एका ज्याओझीत धुतलेलं एक रुपयाचं नाणं घातलं. ते ज्याच्या वाट्याला येईल त्याला वर्ष चांगलं जाणार. उकळत्या पाण्यात सोडल्यावर पाणी फुगून वर आलं की थोडं गार पाणी ओतायचं, असं तीनदा. त्याने आवरण फाटत नाही आणि आतलं नीट शिजतं. काळं व्हिनेगर त्यांनी घरून छोट्या बाटलीत आणलं होतं.

पिठाच्या डब्याला टेकवून फोन उभा केला होता. पलीकडे त्यांच्या गावचं घर. आई, बायको, क्वांगतुंगमधल्या कारखान्यातून दोन रात्रींचा प्रवास करून आलेला भाऊ, भावजय, दुसऱ्याच शहरात नोकरी करणारी पुतणी. टेबलाच्या एका बाजूला एक वाडगा आणि काड्या मांडून ठेवल्या होत्या, त्या यांच्यासाठी. आपल्या साडेनऊला तिकडे मध्यरात्र झाली. सगळे एकदम बोलायला लागले, आईने फोन जवळ घेतला. मी आणि माझा नवरा गॅलरीत जाऊन उभे राहिलो.

जेवताना त्यांनी मला माझं गाव विचारलं. सोलापूर त्यांना माहीत असायचं कारण नव्हतं. मी डॉ. कोटणीसांचं नाव घेतलं, तेही त्यांच्या लक्षात आलं नाही. मग फोनवर फोटो काढून दाखवला तेव्हा त्यांनी काड्या खाली ठेवल्या. कोटणीस त्यांना के दिहुआ या चिनी नावाने माहीत होते. १९१० साली सोलापुरात जन्मलेला हा डॉक्टर १९३८ साली भारतीय वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेला, तिथेच त्याने लग्न केलं, आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी हेबेईतच त्याचा मृत्यू झाला, हे आपल्याकडे व्ही. शांतारामांच्या चित्रपटामुळे तरी माहीत असतं. त्यांची समाधी शिजियाझुआंगच्या हुतात्मा उद्यानात आहे, डॉ. नॉर्मन बेथ्यून यांचीही तिथेच. आमचे पाहुणे शाळेत असताना छिंगमिंगच्या दिवसांत शिक्षक त्यांना तिथे न्यायचे. प्रत्येक मुलाने पांढऱ्या कागदाचं फूल करून न्यायचं आणि समाधीपाशी ठेवायचं.

छिंगमिंग म्हणजे पूर्वजांच्या समाध्या झाडून पुसून, तिथे फुलं आणि जेवण ठेवून यायचा दिवस. त्यांचे बाकीचे मोठे सण चंद्राच्या तिथीवर चालतात, हा मात्र सूर्यावर, ४ किंवा ५ एप्रिलला, जशी आपल्याकडे संक्रांत. मी सोलापूरची. आमच्या कोटणीसांना तिथली परकी मुलं वर्षानुवर्षं त्यांच्या स्वतःच्या पितरांच्या दिवशी फुलं वाहत आली आहेत, हे मला त्या रात्रीपर्यंत ठाऊक नव्हतं. आणखी एक गोष्ट मी त्यांना विचारून घेतली. ते शाळेत असताना त्या दिवसाला सरकारी सुट्टी होती का? नव्हती. सुट्टी २००८ साली आली.

मार्चमध्ये ते घरी जाऊन आले. एप्रिलमध्ये मशीनच्या एका सुट्या भागासाठी मेल चालू होते, त्यात मी सुट्टी कशी झाली म्हणून विचारलं. त्यांनी लिहिलं की सुट्टी पूर्ण मिळाली, पण घरी फक्त आई आणि बायको होत्या. भाऊ-भावजय कधीच कामावर गेले होते, पुतणीही.

त्या मेलने माझं मत एका दिवसात बदललं असं नाही. पण जुन्या सुपरवायझरांचा प्रश्न मला त्या मेलनंतर पुन्हा ऐकू यायला लागला, आणि मी चीनच्या सुट्ट्यांबद्दल वाचायला घेतलं. जे वाचलं ते माझ्या युक्तिवादाला सोयीचं नव्हतं.

सण सोयीच्या तारखेला न्यायचा प्रयोग चीनने माझ्या जन्माच्या कितीतरी आधी करून पाहिला आहे, तोही साऱ्या देशाला हुकूम सोडून. १९१२ साली प्रजासत्ताक आलं तेव्हा सुन यत-सेन यांच्या सरकारने इंग्रजी कालगणना स्वीकारली. १९३०च्या सुमारास नानजिंगच्या राष्ट्रवादी सरकारने पुढचं पाऊल टाकलं. जुनं नववर्ष बंद, त्यातले सगळे रिवाज १ जानेवारीला करा, असा आग्रह धरला. आधुनिक देशाला दोन नववर्षं परवडत नाहीत, ही त्यामागची भूमिका, आणि ती मला परकी वाटली नाही, कारण मी कमिटीत जवळजवळ हेच बोलत होते. लोकांनी १ जानेवारी सरकारला दिली आणि आपलं नववर्ष आपल्या अमावास्येलाच केलं. काही वर्षांत तो हुकूम गुंडाळावा लागला. पुढे सांस्कृतिक क्रांतीच्या काळात, १९६७ साली, वसंतोत्सवाची सुट्टीच रद्द झाली. क्रांतीचं काम चालू असताना सण कसले, म्हणून. ती परत यायला सत्तरचं दशक संपावं लागलं. सण तोवर दारांआड चालूच होता.

छिंगमिंग, ड्रॅगन बोटींचा सण आणि आठव्या महिन्याच्या पौर्णिमेचा चंद्रोत्सव, या तिन्हींना १९४९च्या यादीत जागाच नव्हती. तिथून २००८पर्यंत लोक ते सुट्टीविना करत राहिले. ड्रॅगन बोटींच्या सणाला, म्हणजे पाचव्या महिन्याच्या पाचव्या तिथीला, पहाटे दाराला औषधी पाल्याच्या जुड्या बांधायच्या, पानांत गुंडाळून उकडलेला चिकट भात खायचा आणि कामाला जायचं. शेवटी सरकारने सुट्टी दिली ती त्यांच्या त्यांच्या तिथीला. २०२५पासून तर वसंतोत्सवाच्या आदल्या दिवसालाही कायद्याने पुन्हा सुट्टी मिळाली. ती घरच्या जेवणाची रात्र आहे, हे सरकारला मान्य करावं लागलं.

मग ज्या यादीची मी छापील प्रत कमिटीत फिरवायचे, ती मी पुन्हा नीट वाचली. त्यात कामाचे रविवार हलतात, सुट्टीचे शनिवार हलतात, पण वसंतोत्सव, चंद्रोत्सव, छिंगमिंग यांतला एकही जागचा हलत नाही. सगळी हलवाहलव त्यांना मधे ठेवून चाललेली असते. आणि ती हलवाहलवही तिथल्या लोकांना मनापासून आवडते असं नाही. सुट्टीच्या बदल्यात रविवारी कामावर जावं लागतं याबद्दल दर वर्षी तिथे नाराजी उमटते. ज्याला मी शिस्त म्हणत होते ती एक तडजोड आहे, आणि त्या तडजोडीतही तिथीला कोणी हात लावलेला नाही.

याचं कारण मला जे दिसतं ते भावनेपेक्षा व्यवहाराचं आहे. एका घरातले चौघे चार गावांच्या चार कारखान्यांत असतील तर ते भेटणार कधी? प्रत्येक मालकाने आपल्या सोयीने सुट्टी दिली, भरपूर दिली, भरपगारी दिली, तरी ते चौघे एका टेबलावर येणार नाहीत. ते येतात ते फक्त त्या दिवशी, जो कोणत्याच मालकाला हलवता येत नाही. वसंतोत्सवाच्या मागेपुढे चाळीस दिवस चीनमध्ये प्रवासाचा जो लोंढा चालतो, रस्ता, रेल्वे, विमान सगळं मिळून अलीकडे ९ अब्जांच्या घरात फेऱ्या मोजल्या जातात, तो याच कारणाने. मी ‘सोय’ म्हणत होते ती दिवस ठरवणाऱ्याची सोय होती. दिवस ठरवण्याची ताकद ज्याच्या हातात नाही, त्याच्यासाठी पंचांगात आधीच ठरलेला दिवस हा हक्क आहे, आणि तो मी त्याच्या भल्याच्या नावाखाली काढून घ्यायला निघाले होते.

बंगळुरात याचं दुसरं टोक घरातच पाहिलं. माझ्या नवऱ्याच्या आयटी कंपनीत ऐच्छिक सुट्ट्या आहेत, ज्याने त्याने आपल्या निवडायच्या. त्यामुळे आमच्याकडे दिवाळीत एकाची सुट्टी एका दिवशी, दुसऱ्याची दुसऱ्या, मुलीची तिसऱ्याच. सोलापूरच्या गड्ड्याचंही तसंच. सिद्धेश्वरांची यात्रा संक्रांतीला बांधलेली आहे, तिच्या भोवतीच नंदीध्वज निघतात, अक्षता सोहळा होतो, होम होतो. मी अनेक वर्षं ‘गर्दी ओसरल्यावर, पुढच्या शनिवारी’ जात आले. होम मैदानावर दुकानं असायची, पाळणे असायचे. पण दोन्ही आत्या परत गेलेल्या असायच्या, मामेभाऊ पुण्याला, आणि घरात आई एकटी आवराआवर करत असायची. हेबेईतल्या त्या घरात मार्चमध्ये जे होतं तेच.

त्यांची आणि आपली पंचांगं किती जवळची आहेत हे कळल्यावर मला बरं वाटलं, ते मान्य करते. दोन्हीकडे महिने चंद्राचे आणि वर्ष सूर्याशी जुळवलेलं. ज्या चांद्रमासात सूर्याचं संक्रमण पडत नाही तो आपल्याकडे अधिक मास. त्यांच्याकडेही नियम याच जातीचा आहे. दोन्हीकडे १९ वर्षांत सात महिने वाढतात, मात्र ते दर वेळी एकत्र येत नाहीत. म्हणून त्यांचा चंद्रोत्सव २०२४ साली १७ सप्टेंबरला, आपल्या अनंत चतुर्दशीला आला. २०२५ साली त्यांचा सहावा महिना दोनदा झाला, आपला अधिक मास अजून यायचा होता, आणि ६ ऑक्टोबरला चंद्रोत्सव आणि कोजागिरी एकाच रात्री आल्या. तो सोमवार होता.

आमच्या मंडळात कोजागिरी जवळच्या शनिवारी करायची पद्धत माझ्याच आग्रहाने पडलेली. त्या हिशेबाने ती ४ तारखेला, त्रयोदशीच्या चंद्राखाली झाली असती. मी उभी राहून सांगितलं की या वेळी सोमवारी करू या. विरोध झाला आणि तो खोटा नव्हता. मुलांच्या शाळा, सकाळचं ऑफिस, रिंग रोडची वाहतूक. माझेच जुने मुद्दे माझ्यासमोर मांडले गेले आणि त्यांतला एकही मला खोडता आला नाही. मी एवढंच म्हटलं की त्याच रात्री सोलापुरात आई गच्चीवर दूध आटवत असेल, पुण्यात भाऊ, आणि मला त्याच वेळी आटवायचं आहे. नेहमीच्या निम्मेच लोक आले. ढग होते, बंगळुरात ऑक्टोबरमध्ये असतातच. दूध साडेदहालाच वाटून टाकलं, कारण दोन मुलं पायरीवर झोपून गेली होती. हेबेईच्या त्या इंजिनिअरना मी आमच्या पातेल्याचा फोटो पाठवला. त्यांनी टेबलावरच्या मूनकेकचा पाठवला, आणि टेबलाभोवती सगळे होते.

मंडळातले सगळे अजून माझ्या नव्या बाजूला आलेले नाहीत. कमिटीत मात्र मी आता सण त्याच्या वारी मागते, बुधवार असला तरी. उत्पादनाचं नुकसान होतं, ते मी लपवत नाही, आकड्यांत मांडते. सीएनवायचंही तसंच. पूर्वी मी तिकडच्या कारखान्यावर दबाव टाकून शेवटच्या आठवड्यातला लॉट काढून घ्यायचे. आता पीओ ऑक्टोबरमध्येच देते, बफर स्टॉक उचलते आणि गोदामाचं जादा भाडं बजेटमध्ये उघड दाखवते. २०२७ साली त्यांचं नववर्ष ६ फेब्रुवारीला आहे. शेवटचा माल जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात निघायला हवा, असं शीटवर लिहिलं आहे. दुसऱ्या आठवड्यापासून मी गड्ड्यासाठी सोलापुरात असेन, तेव्हा कस्टमचे कागद कोण बघणार, तेही त्याच शीटवर ठरवून टाकलं आहे.